चोवीसशेपुढचं टिंब

माझ्या आत्याला माफ करणं जमत नाही, आणि त्याची तिला लाजही वाटत नाही. झालं गेलं विसरून जावं असा उपदेश कोणी केला, तर ती चष्म्याच्या वरून बघते आणि विचारते, "कुणाचं झालं आणि कुणाचं गेलं?" आमच्या घरी मला ‘आत्यावर गेलीये’ असं म्हणायचे, ते शिवी म्हणून. मी ते लहानपणापासून शाबासकी म्हणून घेत आले.

तिचा धंदा दुसऱ्यांच्या चुकांवर चालतो. कारखान्यांमधले लोखंडी जिने, माळे, कठडे, यंत्रांभोवतीचे चालायचे मार्ग, या सगळ्यांची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर काढली जातात. त्यात चुकलेली मापं असतात. ती शोधून दुरुस्त करणं हे आत्याचं काम. ऑफिसं तिला फायली पाठवतात आणि वर सांगतात की तसं फारसं काही नाही, नुसती एक नजर टाका. आत्या नजर टाकते आणि मग फोन करते. तो फोन ज्याने उचलला त्याचा दिवस गेला म्हणून समजा. एका ऑफिसला तिने विचारलं होतं की या दारातून माणसांनी जायचंय की त्यांच्या सावल्यांनी.

तिची खोली एका लाँड्रीच्या वर आहे. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ फुसफुसते आणि ओल्या कापडाचा कोमट वास वर येतो. खोलीत दोन मोठे स्क्रीन, एक कुरकुरणारा प्रिंटर, आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली पोलादी पट्टी. गल्लीत तिला पट्टीबाई म्हणतात. लाँड्रीवाला म्हणतो, पट्टीबाई जिन्यावरून उतरल्या की माझ्या दुकानातल्या फळ्यासुद्धा ताठ होतात.

जिना मात्र वाईट आहे. अरुंद, चढा, आणि मधली एक पायरी बाकीच्यांपेक्षा चांगली उंच, त्यामुळे नवा माणूस तिथं हमखास ठेचकाळतो. सगळ्या जगाची मापं सरळ करणाऱ्या बाईने स्वतःच्या जिन्यातली ती पायरी कधी दुरुस्त करून घेतली नाही. लाँड्रीवाल्याने तिला सुरुवातीला तळमजल्यावरची मागची खोली देऊ केली होती, ती तिने घेतली नाही, हेही मला ठाऊक होतं. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, ज्याला यायचंय तो चढून येईल. मला वाटलं ती गिऱ्हाइकांबद्दल बोलतेय.

आता थोडं धंद्यातलं सांगते, कारण त्याशिवाय आमचा राग कळायचा नाही. कॉम्प्युटरवर रेष काढली की तिची लांबी त्याला माहीतच असते. आपण नुसतं विचारायचं, आकडा तो आपणहून लिहितो. रेष ओढून लांब केली तर आकडाही मुकाट्याने बदलतो. पण यात एक चोरवाट आहे. तो आपणहून आलेला आकडा काढून तिथं हाताने हवा तो आकडा टाइप करता येतो. रेष जिथल्या तिथं राहते आणि डोक्यावर भलताच आकडा मिरवते. घाई असली, गिऱ्हाईक दारात येऊन उभं असलं, की सगळं ड्रॉइंग हलवत बसण्यापेक्षा हे सोपं. कागदावर कुणाला कळतंय? आत्या अशा मापाला सोंगाडं माप म्हणते.

कागदावर कळत नाही, पण लोखंडात कळतं. माणूस आकडा वाचतो. लोखंड कापणारं यंत्र थेट फायलीतली रेष वाचतं. या दोघांचं जमलं नाही की मध्ये जो उभा असतो तो पडतो. आमच्या घरातून माझे बाबा उभे होते.

बाबा फिटर होते. आत्या त्यांची धाकटी बहीण. दोघं एकाच कंपनीत. ही ऑफिसात बसून ड्रॉइंग काढायची, ते साइटवर जाऊन लोखंडात उभं करायचे. ते तिला बुटके म्हणून हाक मारायचे. तशी ती बुटकी नाही, पण उंचावर काम करणाऱ्याला खाली बसलेले सगळेच बुटके दिसतात. तिच्या पहिल्या नोकरीला ती पोलादी पट्टी त्यांनीच आणून दिली होती. आणि साइटवर ते बढाई मारायचे की माझ्या बहिणीची रेष आहे, डोळे मिटून पाय टाकतो.

ड्रॉइंग ऑफिसचे मुख्य होते सर. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही तेच म्हणते, फक्त त्यापुढे मनात जे जोडते ते इथं लिहिता येणार नाही. माणूस तोंडाचा गोड. हातात कायम पांढराशुभ्र रुमाल. आत्याला कॉम्प्युटरवर काम करायला त्यांनीच शिकवलं, हे खरं आहे. ते स्वतः जुन्या काळातले, तिरक्या बोर्डावर कागद लावून शाईने रेषा काढणारे. त्या काळात त्यांनी एक सवय लावून घेतली होती. प्रत्येक मापापुढे ते टिंब द्यायचे, म्हणजे कुणी मागाहून शून्य चिकटवून दोनशेचे दोन हजार करू नयेत. कॉम्प्युटर आला तरी सवय सुटली नाही. आता गंमत बघा. कॉम्प्युटर स्वतः जे माप लिहितो त्याला टिंब नसतं. सरांनी हाताने घुसडलेल्या मापाला असतं. म्हणजे प्रत्येक लबाडीवर सरांनी स्वतःच शिक्का मारून ठेवलेला. ऑफिसात हे फक्त आत्याच्या ध्यानात आलं होतं, आणि तेव्हा ती त्यावर हसायची.

एका कारखान्यात यंत्रांच्या डोक्यावरून जाणारा माळा उभा करायचा होता. ड्रॉइंग आत्याने काढलं आणि ती तापाने घरी पडली. तेवढ्यात कारखान्याने दोन खांबांमधलं अंतर वाढवायला सांगितलं. तेवीसशे चाळीस मिलिमीटरच्या जागी चोवीसशे. ते नीट करायचं म्हणजे तुळया, फळ्या, कठडे, सगळंच सरकवायला हवं. सरांनी आकडा बदलला. चोवीसशे, आणि पुढे टिंब. खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ‘काढणार’ या शब्दापुढे आत्याची आद्याक्षरं होती, ती तशीच राहू दिली.

साइटवर खांब आकडा वाचून उभे राहिले. वर्कशॉपमध्ये तुळई रेष वाचून कापली गेली. ती तीन-चार बोटं आखूड पडली. एका टोकाला नीट बसली, दुसऱ्या टोकाला खांबाच्या आधारावर जेमतेम टेकली, आणि खालून बघणाऱ्याला सगळं ठाकठीक दिसलं. बोल्ट अजून आवळायचे होते. कमरेचा दोर पलीकडच्या खांबाला अडकवायला म्हणून बाबांनी तुळईवर पाय टाकला. डोळे मिटले नसतील, पण बहिणीची रेष होती.

खुबा मोडला. माणूस वाचला, पण उंचावरचं काम गेलं, आणि बाबांच्या बाबतीत काम गेलं म्हणजे काय गेलं ते मी रोज जेवणाच्या ताटावर बघत मोठी झाले. पुढे त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, नट-बोल्ट मोजायला.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सर माझ्या आईला भेटले. चूक कुणाच्याही हातून होते, वहिनी, असं म्हणाले. तुमची नणंद अजून लहान आहे, तिला समजून घ्या, असंही म्हणाले. वड्याचं तेल वांग्यावर काढणारे पुष्कळ असतात, पण इतक्या मायेने काढणारा मी दुसरा ऐकलेला नाही. आत्या तापातून उठून तशीच आली होती, हातात ड्रॉइंगचा कागद. ती आईला सांगायला लागली की हे बघ, हे टिंब बघ, माझ्या हातून असं टिंब कधी पडत नाही.

"माझ्या नवऱ्याचं हाड मोडलंय," आई म्हणाली, "आणि तू मला टिंब दाखवतेस?"

आईचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. तिथून आत्या बाबांच्या खाटेपाशी गेली. तिने कागद पुढे केला आणि एकच विचारलं, "दादा, हे मी केलंय असं तुला वाटतं?" बाबांनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे वळवलं. आत्या तिथं बराच वेळ उभी होती. मग तिने कागदाची घडी घातली आणि ती गेली. नोकरीतून तिला काढलं, तेही तिच्या भल्यासाठी, असं सर म्हणाले. मग तिने लाँड्रीवरची ही खोली घेतली. त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही आणि बाबा तिच्याकडे गेले नाहीत. सरांनी यथावकाश स्वतःचं ऑफिस थाटलं, काचेच्या दाराचं.

मी ड्रॉइंगचा कोर्स केला तो मुद्दाम. तो संपल्यावर आत्याकडे कामाला जाते म्हटलं, तेव्हा आईने भांडी अशी आपटली की शेजारचे बघायला आले. बाबा काही म्हणाले नाहीत. पण रोज संध्याकाळी घरी आले की विचारायचे, आज काय काढलं? मी सांगायचे, एक जिना, एक कठडा, अमुक ठिकाणी आत्याने माझी अशी चंपी केली. ते ऐकून घ्यायचे आणि रेडिओकडे हात न्यायचे. आत्याही कधी बाबांबद्दल विचारायची नाही. फक्त पाऊस-थंडीचे दिवस आले की म्हणायची, अशा हवेत जुनी हाडं दुखतात म्हणे. मी म्हणायचे, दुखतात. ती म्हणायची, दुखू देत.

मला सूड हवा होता, हे मी सरळ सांगते. त्या काचेच्या दारावरून जाताना मी दर वेळी मनात एक दगड मारायचे. आत्याला नक्की काय हवं होतं ते मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

मग ती फाईल आली. त्याच जुन्या कारखान्याला आता जागा वाढवायची होती आणि ते काम सरांच्या नव्या ऑफिसला मिळालं होतं. पण जुनी ड्रॉइंगं जागेवर जुळेनात. कारखान्याच्या मॅनेजरने सांगितलं, आधी ही सगळी मापं बाहेरच्या माणसाकडून तपासून आणा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो. मापं तपासणारी बाहेरची माणसं या धंद्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातही मॅनेजरने नाव दिलं ते पट्टीबाईंचंच.

सर स्वतः आले. उंच पायरीला ठेचकाळल्याचा आवाज आम्ही वर ऐकला आणि आत्याच्या चेहऱ्यावर थोडी टवटवी आली. दारात उभं राहून त्यांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, अगं, किती वर्षांनी, तू अजून तशीच आहेस.

"तुम्ही नाही," आत्या म्हणाली. "दम लागतोय. बसा."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ज्या ठिकाणी माप बदललं त्याभोवती ढगासारखी वळणावळणाची रेष काढायची आणि कडेला लिहायचं की कुणी बदललं. ढग दिसला की पुढच्याला कळतं, इथं आधी चूक होती. सरांना मापं दुरुस्त हवी होती, पण ढग नको होते. चित्र उगाच खराब दिसतं, असं ते म्हणाले. मूळ फाईलमध्येच गुपचूप नीट करून दे, जुनी ओळख आहे आपली. आत्या म्हणाली, बघते.

फायली उघडल्या आणि मी कपाळाला हात लावला. अंगावर गोवर उठावा तशी टिंबं उठली होती. आत्या एकेका आकड्यावर जायची, हाताने घातलेलं माप काढून टाकायची, खालचं खरं माप वर यायचं, मग जागेवरून आलेल्या मोजणीशी ताडून ती रेष ओढून नीट करायची आणि भोवती ढग काढायची. मन लावून, चवीने. तिला गुणगुणताना मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या दिवसांत.

मग एका दुपारी गुणगुणणं थांबलं. मी वळून पाहिलं तर तिने चष्मा काढून ठेवला होता. स्क्रीनवर माळ्याचं ड्रॉइंग होतं. कोपऱ्यात तिची आद्याक्षरं, मधोमध चोवीसशे, पुढे टिंब.

मी म्हटलं, आत्या, एकच माप चुकीचं सोड. नव्या जिन्याचं सोड. तो कोसळला की यांचं नाव कायमचं जाईल.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला खुर्ची मागे सरकवावीशी वाटली.

"त्या जिन्यावर तो चढणार आहे का?" ती म्हणाली. "चढणार कुणाचा तरी भाऊ. मला त्या रुमालवाल्याचं उट्टं काढायचंय. त्याची नक्कल नाही करायची."

मी माझ्या स्क्रीनकडे वळले. थोड्या वेळाने तिने चष्मा घातला आणि मला सांगितलं की तुझ्या बापाला निरोप दे. माळ्याचं एक माप पक्कं करायचंय, ज्याने उभा केला त्यालाच ते माहीत असणार. "फिटर म्हणून ये म्हणावं," ती म्हणाली. "भाऊ म्हणून नको."

निरोप मी तसाच्या तसा दिला. आईने पुन्हा भांडी आपटली, पण या वेळी जरा जपून. बाबा बराच वेळ काठीच्या मुठीकडे बघत बसले. मग त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला आणि दाढीचं सामान काढलं.

जिना ते आडव्या अंगाने चढले, एक हात भिंतीला, एक काठीला. उंच पायरीपाशी ते थांबले. त्यांनी ती काठीने ठोकून पाहिली, आणि फिटर जसा दुसऱ्याच्या कामाकडे बघतो तसं तिच्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. आत्याला काठीचा आवाज ऐकू येत असणारच. ती बाहेर आली नाही. आम्ही आत गेलो तेव्हा ती पाठ करून बसली होती, आणि नुसतं म्हणाली, बस. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. त्यांची नजर भिंतीवरच्या पट्टीवर गेली आणि तिथंच राहिली. खालची इस्त्री तेवढी फुसफुसत होती.

सरांना तिने त्याच वेळेला बोलावलं होतं, काम झालंय, एका मापाचा घोळ उरलाय, तेवढा बघून फाईल घेऊन जा म्हणून. ते आले, ठेचकाळले, रुमाल फिरवला. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"फिटर आहेत," आत्या म्हणाली. "माप सांगायला आलेत."

सर म्हणाले, बसा, बसा. ओळखलं नाही. ज्याचं हाड यांच्या बोटाखाली मोडलं, ज्याच्या बायकोला यांनी व्हरांड्यात गोड गोड समजावलं, त्याचा चेहरा यांच्या लक्षातसुद्धा नव्हता. त्या क्षणी मला त्यांना त्या जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं, आणि आजही त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

आत्याने माळ्याचं ड्रॉइंग उघडलं. सगळ्यांना दिसेल असा स्क्रीन वळवला. आकड्यावर गेली आणि हाताने घातलेलं माप काढून टाकलं. चोवीसशे आणि टिंब नाहीसं झालं, खालून तेवीसशे चाळीस वर आलं. बाबा खुर्चीतून पुढे झुकले. त्यांनी काही विचारलं नाही, पण त्यांचे ओठ हलले. ते वजाबाकी करत होते.

"जागेवर किती आहे?" आत्याने विचारलं.

"चोवीसशे," बाबा म्हणाले. "खांबाच्या आतल्या तोंडापासून आतल्या तोंडापर्यंत. मीच मोजलं होतं."

आत्या खुर्चीवरून उठली. मनगट चोळत म्हणाली, सर, माझा हात आखडलाय, आणि ड्रॉइंग मुळात तुमच्याच ऑफिसातलं. एवढं एक तुम्हीच नीट करा. सरांना ते आवडलं. शेवटी बोर्डावरची माणसंच लागतात, असं काहीसं पुटपुटत ते खुर्चीवर बसले.

करायचं काय होतं, तर दोन्ही बाजूंच्या रेषा धरून ओढायच्या, आकडा आपणहून चोवीसशे झाला असता. शिकाऊ पोरालाही ते येतं. सरांनी रेषेला हात लावला नाही. ते सरळ आकड्यावर गेले. तेवीसशे चाळीस काढलं. दोन, चार, शून्य, शून्य टाइप केलं. आणि मग त्यांची करंगळी सवयीने बाजूला सरकली आणि टिंबावर पडली. खोलीत एवढाच आवाज झाला.

"झालं," ते म्हणाले. "यात काय एवढं?"

बाबा स्क्रीनकडे बघत होते. आवाज अगदी साधा ठेवून त्यांनी विचारलं, "साहेब, पुढे टिंब कशाला?"

सर खुलले. सवय हो, असं म्हणाले, आणि शाईचा काळ, शून्य चिकटवणारे लबाड लोक, सगळं रंगवून सांगितलं.

"दुसरं कोणी देतं असं टिंब?"

"छे. आमच्या ऑफिसात मी एकटाच. माझी सहीच समजा ना."

बाबा उठायला लागले. त्यांचं उठणं हा एक कार्यक्रम असतो. आधी काठी जमिनीवर रोवायची, मग डावा हात गुडघ्यावर, मग कंबर एका बाजूने वर, मग थांबायचं, मग दुसरी बाजू. सर ते सगळं बघत होते. बाबा अर्धे उठले असतील तेव्हा सरांना ओळख पटली. रुमाल वर आला आणि तोंडापाशी थांबला. अहो, त्या वेळी फार घाई होती, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"हो," बाबा म्हणाले. "मीही घाईनेच खाली आलो."

आत्याने माऊस सरांच्या हाताखालून काढून घेतला. त्या आकड्याभोवती एक ढग काढला, मोठा, ठसठशीत. कडेला ‘बदलणार’ या शब्दापुढे सरांची आद्याक्षरं घातली. प्रिंटर कुरकुरला. तिने कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. आकडा तुम्ही घातलात, सही तुमची, असं म्हणाली. सर म्हणाले, ढग नको म्हटलं होतं ना मी.

"हा एकच नाही," आत्या म्हणाली. "जिथं जिथं टिंब होतं तिथं तिथं ढग आहे. ती सगळी फाईल सकाळीच कारखान्यात गेली. हे एवढं एक तुमच्यासाठी ठेवलं होतं."

मग ते विनवण्या करू लागले. मी तुला शिकवलं, म्हणाले. आत्या म्हणाली, शिकवलेलं सगळं लक्षात आहे, करा सही. त्यांनी केली. आणि सहीच्या शेवटी टिंब दिलं. जित्याची खोड! मी तोंडावर हात दाबला, तरी हसू फुटलंच. ते उतरून गेले तेव्हा उंच पायरीपाशी पुन्हा एकदा ठेच लागल्याचं ऐकू आलं, आणि ते मला गाण्यासारखं गोड लागलं. पुढे कारखान्याने काम काढून घेतलं, मग ढगांची बातमी धंद्यात पसरली, आणि त्या काचेच्या दारावर आता दुसऱ्याची पाटी आहे. आम्हाला याचा आनंद झाला. खूप झाला.

पण त्या दुपारी आत्याच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसेना. तिला माझ्याकडून नाही, सरांकडून नाही, अजून कुणाकडून तरी काहीतरी घ्यायचं बाकी होतं. ती स्क्रीनपुढे बसली, चोवीसशे आणि टिंब काढून टाकलं, दोन्ही बाजूंच्या रेषा धरून ओढल्या. आकडा आपणहून वाढत गेला आणि चोवीसशेवर थांबला. पुढे काही नाही.

"बुटके," बाबा म्हणाले.

ही हाक मी लहानपणी ऐकली होती तेवढीच. आत्या वळली नाही.

"मी तेव्हा काही बोललो नाही."

"हो," आत्या म्हणाली. "बोलला नाहीस."

"तुझी रेष म्हणून पाय टाकला होता. त्याचाच राग आला. कुणावर तरी काढायचा होता, आणि तू समोर होतीस. मग दिवस जात गेले तसं यायला तोंड राहिलं नाही."

ठीक आहे, असं आत्या म्हणाली नाही. जाऊ दे, असंही नाही. तिने स्क्रीन बंद केला, दिव्याचं बटण बंद केलं आणि किल्ली उचलली. चल, अंधार व्हायच्या आत खाली उतर, असं ती म्हणाली.

जिन्याच्या तोंडाशी बाबा थांबले. खाली तो चढा, अरुंद जिना, मधली ती उंच पायरी, आणि तळाशी लाँड्रीच्या मागच्या खोलीचं दार. ते दाराकडे बघत राहिले.

"तू ही जागा घेतलीस," त्यांनी विचारलं, "तेव्हा खालची खोली रिकामी नव्हती का?"

"होती," आत्या म्हणाली.

बाबांनी मान हलवली. माप जुळलं की ते अशीच हलवतात. आणि ‘ज्याला यायचंय तो चढून येईल’ हे ती कुणाबद्दल म्हणाली होती ते मला तेव्हा कळलं. एवढी वर्षं ती रोज तो जिना चढली-उतरली होती, आणि रोज तिने कुणाची तरी काठी वाजायची वाट बघितली होती.

ती त्यांच्या पुढे झाली आणि एक पायरी खाली उतरून उभी राहिली, म्हणजे तोल गेलाच तर ते तिच्यावर पडावेत. मग दोघं उतरायला लागले, ती पुढे, ते मागे, आणि सर्वांत मागे मी. उंच पायरी आली तेव्हा तिने मागे न बघता खांदा थोडा वर केला.

"ही पायरी चुकलेली आहे," ती म्हणाली. "मागाहून म्हणू नकोस, बहिणीने सांगितलं नाही."

बाबांनी काठी माझ्याकडे दिली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.